नाशिकमध्ये व्यसनमुक्ती आणि मानसिक आरोग्य केंद्र सुरू करताना: परवान्यापासून रोजच्या सेवेपर्यंत

नाशिक शहराच्या वेशीवर आमच्या संस्थेने १५ खाटांचे व्यसनमुक्ती आणि पुनर्वसन केंद्र सुरू करायचे ठरवले, तेव्हा परवानगी नेमकी कोणाकोणाची घ्यायची हे एका जागी सांगणारे कोणी भेटले नाही. एका कार्यालयातून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे असे आमचे जवळजवळ दीड वर्ष गेले, आणि त्यातले निम्मे केवळ चुकीच्या क्रमाने कामे केल्यामुळे गेले. तुम्ही समाजकार्यकर्ते, डॉक्टर, परिचारिका किंवा स्वतः व्यसनातून बाहेर पडलेले असाल आणि असे केंद्र उभे करण्याचा विचार करत असाल, तर पुढील पायऱ्या त्याच क्रमाने चढाव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

१. सर्वांत आधी ठरवा: माणूस रात्री मुक्कामाला राहणार आहे का?

पुढचा सगळा हिशेब या एका प्रश्नाच्या उत्तरावर उभा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. मानसिक आजार असलेली व्यक्ती काळजी, उपचार, विश्रांती किंवा पुनर्वसनासाठी जिथे दाखल होते, राहते किंवा ठेवली जाते, ती जागा म्हणजे मानसिक आरोग्य आस्थापना, अशी या कायद्याची व्याख्या आहे. त्या जागेला तुम्ही कोणते नाव देता याला कायदा काहीच किंमत देत नाही. आश्रम, संस्कार केंद्र, निसर्गोपचार केंद्र, योगग्राम अशी कोणतीही पाटी असली तरी आत रुग्ण मुक्कामी असेल तर नोंदणी लागतेच. रुग्ण आपल्या नातेवाइकांबरोबर राहतो ते घर तेवढे यातून वगळलेले आहे.

इथेच पहिला सापळा आहे. अनेकांची समजूत अशी असते की दारू सोडवणे हे समाजकार्य आहे, मनोविकाराशी त्याचा संबंध नाही, म्हणून हा कायदा आपल्याला लागू नाही. कायद्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा स्पष्ट समावेश आहे. नोंदणीशिवाय केंद्र चालवल्यास पहिल्या वेळी ५ हजार ते ५० हजार रुपये, दुसऱ्या वेळी २ लाखांपर्यंत आणि त्यानंतर ५ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. अशा केंद्रात जाणूनबुजून काम करणाऱ्या मानसिक आरोग्य व्यावसायिकालाही २५ हजारांपर्यंत दंड आहे. त्यामुळे चांगला डॉक्टर नोंदणीआधी तुमच्याकडे येणार नाही, आणि येऊही नये.

हा कायदा इतका काटेकोर का आहे, हे समजून घेतले तर कागदपत्रांचा कंटाळा येत नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे एका खासगी निवासी केंद्राला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ रुग्ण मृत्युमुखी पडले. बांधलेले असल्यामुळे त्यांना पळता आले नाही. आजच्या कायद्यात रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास जी सरळ मनाई आहे, ती वाचताना मला दर वेळी एरवाडी आठवते.

माझा सल्ला असा की, पहिले वर्ष खाटांशिवाय काम करावे. बाह्यरुग्ण तपासणी, समुपदेशन, दिवसभराचे केंद्र, गृहभेटी, कुटुंबीयांच्या बैठका या सेवांना निवासी आस्थापनेची नोंदणी लागत नाही, आणि समाजात राहून उपचार मिळणे हा तर याच कायद्याने रुग्णाला दिलेला हक्क आहे. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत पाळीने काम करणाऱ्या माणसाला २१ दिवस दाखल होणे परवडत नाही, पण संध्याकाळी सातची तपासणी परवडते. आमच्याकडे आलेल्यांपैकी बऱ्याच जणांना खाटेची गरज नव्हतीच, हे आम्हाला खाटा मांडून झाल्यावर कळले.

२. संस्थेचे कायदेशीर रूप

सार्वजनिक न्यास, सोसायटी किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालील कंपनी, यांपैकी एक रूप निवडावे. न्यासाची नोंदणी धर्मादाय कार्यालयात होते. घटनेतील उद्देशांत मानसिक आरोग्य, व्यसनमुक्ती आणि पुनर्वसन हे तिन्ही शब्द स्पष्टपणे घाला. आमच्या घटनेत केवळ ‘आरोग्यविषयक कार्य’ असे लिहिले होते आणि ते दुरुस्त करून घेण्यात चार महिने गेले. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरील नोंदणीही याच वेळी करून टाकावी, कारण पुढे केंद्र सरकारचे अनुदान मागताना ती लागते.

३. जागा: भाडेकरार करण्याआधी तीन चौकश्या

जागा महापालिकेच्या हद्दीत आहे की बाहेर, हे आधी निश्चित करा. हद्दीत असेल तर नगररचना, वैद्यकीय आणि अग्निशमन या तिन्ही विभागांशी तुमचा संबंध येईल. हद्दीबाहेर असेल तर जमीन अकृषिक आहे का, बांधकाम कोणाच्या मंजुरीने झाले, हे पाहावे लागते. गंगापूर धरणाच्या बाजूला मळ्यातली मोठी घरे स्वस्तात मिळतात आणि झाडीही सुंदर असते, पण शेतजमिनीवरच्या घराला रुग्णालयीन वापराची परवानगी मिळत नाही म्हणून मागे फिरलेले दोघे जण माझ्या परिचयाचे आहेत.

दुसरी चौकशी इमारतीची. भोगवटा प्रमाणपत्र आहे का आणि निवासी बांधकामाचा वापर बदलता येतो का, हे मालकाच्या तोंडी शब्दावर न ठेवता लेखी घ्यावे.

तिसरी चौकशी आगीची. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा २००६ नुसार परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा बसवून प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि ती यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये सादर करावे लागते. पहिले प्रमाणपत्र सगळे घेतात, सहामाही प्रमाणपत्र विसरतात.

आमच्या पहिल्या पाहणीच्या वेळी आलेल्या पथकातील एक ज्येष्ठ बाई खोलीच्या दारापाशी थांबल्या, दाराच्या बाहेरच्या अंगावरून त्यांनी हात फिरवला आणि विचारले, “ही कडी बाहेरून कशासाठी आहे?” जुन्या बंगल्याची ती दारे होती, कड्या आधीपासूनच होत्या, आम्ही त्या कधी लावल्याही नव्हत्या. पण रात्री आग लागली आणि कोणी घाबरून कडी लावली तर काय, याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. त्याच दिवशी सुताराला बोलावून ११ कड्या काढल्या. लांबी भरलेली ती भोके आजही दारांवर दिसतात, आणि नव्या कर्मचाऱ्याला केंद्र दाखवताना मी आधी तीच दाखवते.

४. माणसे: कागदावरची आणि प्रत्यक्षातली

मनोविकारतज्ज्ञाची पदवी आणि वैद्यक परिषदेची नोंदणी, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी, परिचारिकांची परिचर्या परिषदेची नोंदणी, या मूळ प्रती पाहूनच नेमणूक करावी. समुपदेशक आणि चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ हे दोन वेगळे व्यावसायिक आहेत. अर्जात एकाच्या जागी दुसऱ्याचे नाव घालू नका.

मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १०६ प्रमाणे कोणीही आपल्या शाखेच्या अधिकाराबाहेर औषध किंवा उपचार सुचवू शकत नाही. रात्रपाळीला असलेल्या डॉक्टरने काय करायचे आणि कोणत्या क्षणी मनोविकारतज्ज्ञाला फोन करायचा, हे लेखी ठरवून भिंतीवर लावा.

सर्वांत वाईट प्रथा म्हणजे केवळ प्रमाणपत्रापुरते डॉक्टर दाखवणे. महिन्यातून एकदा सहीला येणारा डॉक्टर विथड्रॉवलमध्ये, म्हणजे नशा अचानक थांबल्यावर होणाऱ्या त्रासात, तडफडणाऱ्या माणसाच्या काही कामाचा नाही. आठवड्यातील किती वार आणि किती तास ते प्रत्यक्ष येतील, हे करारात लिहून घ्या आणि त्यांच्या भेटीची वेगळी वही ठेवा.

व्यसनातून बाहेर पडलेले कार्यकर्ते हे अशा केंद्राचा कणा असतात. १९८६ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राने ही वाट महाराष्ट्राला दाखवली. मात्र त्यांच्यावर औषधांची जबाबदारी टाकू नये. तसे करणे त्यांच्यावरही अन्याय आहे.

५. रुग्णालय नोंदणी, कचरा आणि औषधे

खाटा असल्या की महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा १९४९ खालील नोंदणीचाही प्रश्न येतो. महापालिका हद्दीत तो अर्ज महापालिकेच्या वैद्यकीय विभागाकडे, म्हणजे शरणपूर रोडवरील राजीव गांधी भवनात जातो. हद्दीबाहेर जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेकडे.

सुया, सलाईनच्या नळ्या, ड्रेसिंग यांसाठी जैववैद्यकीय कचरा नियम २०१६ प्रमाणे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता आणि सामाईक विल्हेवाट केंद्राशी करार लागतो. हे काम फार अवघड नाही, पण कराराशिवाय शुश्रूषागृहाचा अर्ज पुढे सरकत नाही.

केंद्रातच औषधविक्री करायची असेल तर अन्न व औषध प्रशासनाचा वेगळा परवाना लागतो. व्यसनमुक्तीत वापरली जाणारी क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम, ब्युप्रेनॉर्फिन ही औषधे अनुसूची एच-१ मध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकता येणाऱ्या औषधांच्या यादीत, आहेत. विक्रेत्याला त्यांची वेगळी नोंदवही तीन वर्षे जपावी लागते. विक्री करत नसाल तरी अशी वही ठेवाच, त्याचे कारण आठव्या पायरीत सांगते.

६. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी

इथपर्यंतचे कागद हाताशी आल्यावरच हा अर्ज करावा. आधी तात्पुरती आणि मग कायम अशी ही नोंदणी दोन टप्प्यांत होते. अर्ज विहित नमुन्यात आणि शुल्कासह पूर्ण असेल तर प्राधिकरणाने दहा दिवसांत तात्पुरते प्रमाणपत्र द्यावे, अशी कायद्यात तरतूद आहे, आणि त्यासाठी आधी चौकशी करणे बंधनकारक नाही. हे प्रमाणपत्र १२ महिने चालते. दहा दिवस पूर्ण अर्जापासून मोजतात. त्रुटी निघाली की गणना पुन्हा पहिल्यापासून.

दहा दिवसांत कागद मिळाला म्हणजे केंद्र मंजूर झाले, असे समजणे हा दुसरा मोठा सापळा आहे. कायम नोंदणीसाठी इमारत, सेवा, कर्मचाऱ्यांची पात्रता आणि नोंदी यांचे किमान निकष पूर्ण केल्याचे पुरावे द्यावे लागतात, आणि ते पुरावे लोकांच्या हरकतींसाठी ३० दिवस खुले ठेवले जातात. शेजाऱ्यांची हरकत याच वेळी येते. ‘वस्तीत दारुडे येतील’ ही भीती खोटी म्हणून झटकू नका. आम्ही कॉलनीतील लोकांना एका रविवारी चहाला बोलावले, बरे झालेल्या दोघांनी स्वतःची हकीकत सांगितली, आणि लेखी हरकत घेण्याच्या तयारीत असलेल्या एका आजोबांनी महिन्याभराने आपल्या पुतण्याला आमच्याकडे आणले.

कायम नोंदणीनंतरही दर तीन वर्षांनी परीक्षण होते आणि परीक्षकांत स्थानिक समाजाचे प्रतिनिधीही असू शकतात. मालकी बदलली तर एका महिन्यात कळवावे लागते. प्रमाणपत्र दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. नोंदणी नाकारली गेली तर ३० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते.

अर्जाच्या फाइलमध्ये पुढील कागद असू द्या, आणि प्रत्येकाच्या तीन साक्षांकित प्रती काढून ठेवा:

- संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र, घटना, विश्वस्तांची यादी आणि केंद्र सुरू करण्याचा ठराव
- मालकी किंवा नोंदणीकृत भाडेकरार, भोगवटा प्रमाणपत्र, खाटा दाखवणारा नकाशा
- अग्निशमन प्रमाणपत्र
- शुश्रूषागृह नोंदणी किंवा अर्जाची पोच
- जैववैद्यकीय कचऱ्याची मान्यता आणि करार
- सर्व व्यावसायिकांच्या पदव्या, परिषद नोंदण्या, संमतिपत्रे
- दाखल, सुट्टी, औषधे, तक्रारी आणि अनुचित घटना यांच्या नोंदवह्यांचे नमुने
- जवळच्या मोठ्या रुग्णालयाशी तातडीच्या रुग्णांसाठी केलेला लेखी समझोता

शेवटच्या कागदाला फारसे कोणी महत्त्व देत नाही. नाशिकला स्वतःचे प्रादेशिक मनोरुग्णालय नाही. राज्यातील अशी चार रुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. त्यामुळे मध्यरात्री झटके आलेला रुग्ण कुठे न्यायचा, हे तुम्ही आधीच ठरवून ठेवायला हवे. त्र्यंबक रोडवरील जिल्हा रुग्णालयातील डॉक्टरांना केंद्र सुरू होण्याआधीच भेटून या.

७. दाखल करून घेणे: संमतीशिवाय काही नाही

या पायरीवर सर्वाधिक वेळ द्या, कारण बहुतेक केंद्रे इथेच चुकतात. घरचे लोक हताश होऊन फोन करतात आणि म्हणतात, “गाडी पाठवा, चार माणसे पाठवा, उचलून न्या.” त्यांचे दुःख खरे असते. तरीही गाडी पाठवू नका.

प्रौढ व्यक्ती शक्यतो स्वतंत्र रुग्ण म्हणून, म्हणजे स्वतःच्या अर्जाने आणि समजून दिलेल्या संमतीने दाखल व्हावी, हा कायद्याचा मूळ नियम आहे. अशा रुग्णाने घरी जायचे म्हटले तर त्याला सोडावे लागते. ठरावीक कारणांसाठी, तपासणीपुरते, फार तर २४ तास थांबवता येते. ‘तीन महिन्यांचे पैसे भरले आहेत, तीन महिने सोडू नका’ असे नातेवाइकांनी लिहून दिले तरी त्या कागदाला काही अर्थ नाही.

रुग्णाची अवस्था गंभीर असेल, त्याच्याकडून स्वतःला किंवा इतरांना इजा होण्याचा धोका असेल, अथवा स्वतःची काळजी घेणे त्याला शक्य नसेल, आणि उपचारांचे निर्णय तो जवळजवळ पूर्णपणे दुसऱ्याच्या आधारानेच घेऊ शकत असेल, तर नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे आपल्या वतीने निर्णयांत साथ देण्यासाठी रुग्णाने नेमलेल्या व्यक्तीच्या, अर्जावरून याच कायद्याच्या कलम ८९ खाली साहाय्याने दाखल करता येते. त्यासाठी एका मनोविकारतज्ज्ञाने आणि दुसऱ्या पात्र व्यावसायिकाने किंवा डॉक्टरने त्या दिवशी अथवा आधीच्या सात दिवसांत स्वतंत्रपणे तपासलेले असावे लागते. अशी मुदत ३० दिवसांपर्यंतच असते. स्त्री किंवा अल्पवयीन रुग्ण असेल तर तीन दिवसांत, इतरांबाबत सात दिवसांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला, म्हणजे रुग्णांच्या हक्कांसाठी आणि तक्रारींसाठी याच कायद्याने नेमलेल्या मंडळाला, कळवावे लागते. दाखल करण्याच्या अर्जालाच कळवण्याचे पत्र टाचून ठेवण्याची सवय लावली तर ही मुदत चुकत नाही.

नामनिर्देशित प्रतिनिधी नेमायला स्टॅम्पपेपर लागत नाही. साध्या कागदावर लिहून रुग्णाने सही किंवा अंगठा केला की पुरे. बायको, आई, भाऊ यांपैकी कोण, हे रुग्णाने ठरवायचे असते. पैसे भरणारा माणूस आपोआप प्रतिनिधी होत नाही.

सक्तीने डोके भादरणे, स्वतःचे कपडे घालू न देणे, मोबदला न देता राबवून घेणे या तिन्ही गोष्टींपासून कायदा रुग्णाला संरक्षण देतो. ‘शिस्तीसाठी’ म्हणून त्या करणारी केंद्रे मी पाहिली आहेत. मंडळाचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक दर्शनी जागी लावा, मंडळाकडे अर्ज करण्याचे नमुने रुग्णाला मोफत द्या, आणि त्याला फोन करू द्या.

अमली पदार्थांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घरच्यांना सांगावी. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात मेफेड्रोनचा, म्हणजे ‘एमडी’ या अमली पदार्थाचा, कारखाना उघडकीस आला, तेव्हापासून ‘एमडी’ घेणाऱ्या मुलांचे पालक पोलिसांच्या भीतीने उपचार टाळताना मला दिसतात. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्याचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने उपचार घेत असेल, तर अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्याचे कलम ६४-अ तिला खटल्यापासून संरक्षण देते. मात्र उपचारांचे ते ठिकाण सरकारने किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेने चालवलेले अथवा मान्यता दिलेले असावे लागते. म्हणजे तुमच्या मान्यतेचा कागद त्या मुलाच्याही उपयोगाचा आहे.

८. पहिले चार दिवस आणि औषधांचे कपाट

रोज दारू पिणाऱ्याची दारू अचानक थांबली की साधारण ६ ते ४८ तासांत झटके येऊ शकतात, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम, थरथर, ताप असलेली जीवघेणी अवस्था उद्भवू शकते. म्हणून पहिल्या चार दिवसांत नाडी, रक्तदाब, थरथर, झोप यांची दर काही तासांनी नोंद हवी. ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) द्यायचे, हे प्रत्येक परिचारिकेला पाठ असावे. क्रम उलटला तर मेंदूला इजा होण्याचा धोका असतो.

आमच्याकडे रात्री नऊ वाजता कपाट उघडून दोघांनी मिळून गोळ्या मोजायच्या, असा नियम आहे. एका रात्री क्लोरडायझेपॉक्साइडच्या दोन गोळ्या कमी भरल्या. तासभर शोध घेतल्यावर कळले की संध्याकाळी थरथर वाढलेल्या एका रुग्णाला डॉक्टरांच्या फोनवरील सूचनेने त्या दिल्या होत्या, पण वहीत चढवल्या नव्हत्या. रात्रीच्या परिचारिकेने ठरलेली मात्रा पुन्हा दिली असती तर त्या माणसाला गुंगी चढली असती. तेव्हापासून फोनवरची सूचना त्याच क्षणी लाल शाईने लिहायची आणि डॉक्टरांनी पुढच्या भेटीत तिच्यावर सही करायची, असे ठरले.

९. अनुदान

केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाकडून व्यसनी व्यक्तींच्या एकात्मिक पुनर्वसन केंद्रांना अनुदान मिळते. अर्ज ई-अनुदान पोर्टलवर करायचा असतो. अनुदान वेळेवर येईलच, या भरवशावर पगार ठरवू नका. किमान सहा महिन्यांचा खर्च हाती असल्याशिवाय खाटा मांडू नयेत, हे माझे ठाम मत आहे.

१०. घरी गेल्यानंतर

सुट्टी देतानाच पुढच्या भेटींच्या तारखा ठरवाव्यात. निफाड आणि दिंडोरीकडचे आमचे रुग्ण द्राक्षतोडणीच्या दिवसांत येत नाहीत आणि नेमके त्याच दिवसांत, हातात रोख पैसा असताना, त्यांची घसरण होते. त्यामुळे फेब्रुवारीपासून आम्हीच आठवड्यातून एक दिवस तिकडे जातो. अफूजन्य पदार्थ घेणाऱ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना एक गोष्ट निक्षून सांगा: काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, आणि पूर्वीचीच मात्रा आता जीव घेऊ शकते.

सुट्टीच्या कार्डावर औषधांची नावे, भेटींच्या तारखा, अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या परस्पर मदतगटाच्या जवळच्या बैठकीचा वार आणि जागा लिहावी. कार्डाच्या मागे दोन क्रमांक मोठ्या अक्षरांत छापावेत: मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६, आणि व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय मदतवाहिनी १४४४६. एक कार्ड रुग्णाच्या हाती द्यावे आणि दुसरे, त्याच्या संमतीने, नामनिर्देशित प्रतिनिधीच्या हाती.